दोन आयसींचा फोनो प्रीअँप: टर्नटेबलसाठी स्वतः बांधा, मोजा आणि मगच ऐका

टर्नटेबलची वायर थेट अँप्लिफायरच्या ऑक्सला जोडली तर आवाज येतो, पण व्हॉल्यूम पूर्ण वर नेला तरी दबका, लांबून आल्यासारखा. बास जवळपास गायब आणि वरचे सूर नुसते चरचरीत. यात टर्नटेबल बिघडलेला नसतो आणि सुई धरणारं कार्ट्रिजही. मध्ये असायला हवा तो फोनो प्रीअँप नसतो, इतकंच.

या डबीची कामं दोन. मूव्हिंग मॅग्नेट जातीचं, म्हणजे आत चुंबक हलणारं, कार्ट्रिज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं आणि ऑक्सला लागतात काही शे मिलिव्होल्ट, तेव्हा सिग्नल शंभरेक पट वाढवायचा. दुसरं काम जास्त नाजूक आहे: रेकॉर्ड कापताना मुद्दाम वाकवलेला सुरांचा तोल परत सरळ करायचा. पहिलं काम आज कुठलाही बरा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा तयार आयसी, करतो. दुसरं काम चार-पाच रेझिस्टर आणि दोन कॅपॅसिटर करतात. लोक मात्र सगळा जीव ऑप-अँपच्या निवडीवर खर्च करतात. माझं मत उलटं आहे. पैसे आणि वेळ त्या दोन कॅपॅसिटरवर आणि ग्राउंडच्या वायरिंगवर घाला, आयसी साधा चालेल.

आरआयएए म्हणजे नेमकं काय उलटायचं

खालच्या सुरांसाठी कापणाऱ्या सुईला फार मोठी हालचाल करावी लागते. तसंच कापलं तर खाचा रुंद होतात आणि एका बाजूवर थोडीच मिनिटं मावतात. म्हणून बास कमी करून कापतात. उलट वरचे सूर वाढवून कापतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली येते. किती कमी आणि किती जास्त, हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. १९५४ मध्ये आरआयएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा, एकच वक्र ठरला आणि तोच जगभर रुळला. त्याआधीच्या तबकड्या, विशेषतः ७८ आरपीएमच्या, या प्रीअँपवर वाजतील, पण त्यांचा तोल थोडा इकडेतिकडे वाटला तर दोष तुमच्या सोल्डरिंगचा नाही.

वक्राची व्याख्या तीन कालस्थिरांकांत, म्हणजे वक्र जिथे वळतो त्या जागा वेळेत सांगणाऱ्या आकड्यांत, होते: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. वारंवारतेत सांगायचं तर ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ. वाजवताना १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला १९.३ डेसिबल वाढ आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डेसिबल घट द्यायची. दोन टोकांतला फरक नव्वदपटीच्या जवळ जातो. इतक्या मोठ्या उतारावर एखादा भाग पाच टक्के चुकला तरी ते कानाला कळू शकतं, निदान डाव्या-उजव्या वाहिनीतल्या फरकातून तरी.

सर्किट: काम दोन टप्प्यांत का वाटलं आहे

बऱ्याच जुन्या आराखड्यांत तिन्ही कालस्थिरांक एकाच ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटवरून परत इनपुटला जाणाऱ्या जोडणीत, कोंबलेले असतात. चालतं, पण तिथे प्रत्येक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो. एक कॅपॅसिटर बदलला की सगळं गणित पुन्हा मांडायचं. शिवाय अशा जोडणीचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) एकच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून अगदी वरच्या टोकाला वक्र जरासा सुटतो. त्यापेक्षा मला फोड केलेली पद्धत आवडते. पहिला ऑप-अँप ३१८० आणि ३१८ सांभाळतो, त्यानंतर एक साधा रेझिस्टर-कॅपॅसिटर ७५ सांभाळतो आणि दुसरा ऑप-अँप उरलेला गेन देतो. यातला प्रत्येक तुकडा वेगळा मोजता येतो, आणि गणित तर वहीच्या अर्ध्या पानात संपतं.

दुहेरी ऑप-अँपच्या एका आयसीत एक वाहिनी बसते. स्टिरिओला असे दोन आयसी लागतात. एनई५५३२ घेतला आहे असं धरून पिन नंबर देतो. ओपीए२१३४ आणि बहुतेक आठ पिनी दुहेरी ऑप-अँपांची रचना हीच असते.

सिग्नल येतो तो आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेवरून थेट आयसीच्या पिन ३ वर. तिथूनच आर१, ४७ किलोओहम, आणि सी१, १०० पिकोफॅरड, दोन्ही ग्राउंडला जातात. कार्ट्रिजला हा ४७ किलोओहमचा भार अपेक्षित असतो.

पहिल्या टप्प्याचा फीडबॅक पिन १ पासून पिन २ पर्यंत असा: आधी आर५ (६८ किलोओहम) आणि सी३ (४७ नॅनोफॅरड) एकमेकांना समांतर, मग त्यांच्यापुढे मालिकेत आर३ (६.८ किलोओहम) आणि आर४ (४७० ओहम). पिन २ वरून आर२ (२७० ओहम) आणि त्याच्यापुढे सी२ (२२० मायक्रोफॅरड) ग्राउंडला.

इथली गंमत बघा. ३१८० आणि ३१८ यांचं प्रमाण बरोबर दहा आहे. त्यामुळे आर५ हा आर२, आर३ आणि आर४ यांच्या बेरजेच्या नऊपट ठेवला की दुसरा कालस्थिरांक आपोआप जागेवर येतो. बेरीज ७.५४ किलोओहम, नऊपट ६७.९. बाजारात मिळणारा ६८ चपखल बसला. पहिला कालस्थिरांक म्हणजे आर५ गुणिले सी३. किलोओहम आणि नॅनोफॅरड गुणले की उत्तर थेट मायक्रोसेकंदात येतं: ६८ गुणिले ४७ म्हणजे ३१९६. हवे होते ३१८०. फरक अर्धा टक्का, म्हणजे कुठल्याही कॅपॅसिटरच्या टॉलरन्सपेक्षा कमी.

पिन १ वरून आर६ (७.५ किलोओहम) पिन ५ ला, आणि पिन ५ वरून सी४ (१० नॅनोफॅरड) ग्राउंडला. साडेसात गुणिले दहा, पंचाहत्तर. तिसरा कालस्थिरांक झाला.

दुसऱ्या टप्प्यात पिन ७ वरून आर७ (१० किलोओहम) पिन ६ ला, आणि पिन ६ वरून आर८ (३.९ किलोओहम) व त्यापुढे सी५ (४७ मायक्रोफॅरड) ग्राउंडला. शेवटी पिन ७ वरून आर९ (१०० ओहम), मग सी६ (४.७ मायक्रोफॅरड) आणि तिथून आउटपुट सॉकेट. सॉकेटच्या बाजूला आर१० (१०० किलोओहम) ग्राउंडला, म्हणजे वायर लावता-काढताना स्पीकरमध्ये धप्प आवाज होत नाही. आर९ विसरू नका. लांब शिल्डेड वायरची कपॅसिटन्स थेट ऑप-अँपवर आली तर तो आंदोलन करायला लागू शकतो.

एकूण गेन १ किलोहर्ट्झला शंभरपट, म्हणजे ४० डेसिबल येतो. आर६-सी४ धरून पहिल्या टप्प्यात साधारण २८ आणि दुसऱ्यात ३.५६. अधिक-उणे १२ व्होल्टवर आउटपुट कापलं जाण्यापूर्वी ५ मिलिव्होल्टच्या वर अजून वीस-बावीस डेसिबलची जागा उरते. ओरखड्याचा टिकटिकाट आणि जोरकस कापलेल्या रेकॉर्डसाठी ती हवीच.

सी२ आणि सी५ कशाला, असा प्रश्न पडला असेल. डीसीसाठी ते उघडे असतात, म्हणून दोन्ही टप्प्यांचा डीसी गेन फक्त एक राहतो. ते नसते तर पहिल्या टप्प्याने स्वतःचा काही मिलिव्होल्टांचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही असणारा डीसी) सुमारे २८० पट करून आउटपुट एखादा-दीड व्होल्ट बाजूला सरकवलं असतं.

सामान

एका वाहिनीचं सामान दिलं आहे, स्टिरिओसाठी दुप्पट घ्या.

- मेटल फिल्म रेझिस्टर, १ टक्का, पाव वॉट: ४७के, २७० ओहम, ६.८के, ४७० ओहम, ६८के, ७.५के, १०के, ३.९के, १०० ओहम, १००के
- सी३ आणि सी४: पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन, नाहीच मिळाले तर पॉलिएस्टर फिल्म
- सी१: सीझिरोजी जातीचा सिरॅमिक किंवा पॉलिस्टायरीन
- सी२ आणि सी५: इलेक्ट्रोलायटिक, १६ किंवा २५ व्होल्ट
- सी६: फिल्म, किंवा नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक
- एनई५५३२ आणि त्याचा आठ पिनी सॉकेट
- आयसीच्या अगदी जवळ लावायला १०० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक

सी३ आणि सी४ साठी एक्स७आर जातीचे साधे सिरॅमिक वापरू नका. त्यांची कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलते आणि त्यांना हादरा बसला की ते स्वतःच सिग्नल तयार करतात. सिग्नल पाच मिलिव्होल्टचा असताना हे परवडत नाही.

कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर इथे त्याचं सार्थक होतं. ६८ किलोओहमबरोबर सी३ ची अचूक किंमत ४६.८ नॅनोफॅरड येते. आठ-दहा नग मोजून त्याच्या जवळचे दोन निवडा, एक डाव्या आणि एक उजव्या वाहिनीला. एखादा ४५.८ भरला तर त्याला समांतर १ नॅनोफॅरड लावा, काम झालं. रेझिस्टर बदलत बसू नका, नाहीतर नऊपटीचं प्रमाण बिघडेल. सी३ पाच टक्क्यांनी चुकला तर दीडशे हर्ट्झच्या आसपास साधारण एक तृतीयांश डेसिबलचा फरक पडतो. तेवढा फरक दोन्ही वाहिन्यांत सारखा असेल तर कुणाला कळणारही नाही, म्हणून जोडी जुळणं हे अचूक आकड्याहून महत्त्वाचं.

ऑप-अँपच्या वादाबद्दल

डेटाशीटवर सर्वांत कमी नॉइज दिसतो तो आयसी आणावा असं वाटणं साहजिक आहे. पण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज म्हणजे अर्धा हेन्री किंवा जास्त इंडक्टन्सची गुंडाळी. १० किलोहर्ट्झला तिचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) तीस किलोओहमच्या वर जातो. अशा ठिकाणी व्होल्टेज नॉइजपेक्षा करंट नॉइज जास्त बोलतो. एडी७९७ चा व्होल्टेज नॉइज अवघा ०.९ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, पण करंट नॉइज २ पिकोअँपिअर. भार धरून उरलेल्या २८ किलोओहमवर तो छप्पन्न नॅनोव्होल्ट होतो. एनई५५३२ चा व्होल्टेज नॉइज ५ नॅनोव्होल्ट, करंट नॉइज ०.७ पिकोअँपिअर, म्हणजे तिथेच वीसच्या आत. ओपीए२१३४ सारख्या जेफेट इनपुटच्या आयसीचा व्होल्टेज नॉइज ८, पण करंट नॉइज जवळपास शून्य. महागडा एडी७९७ या कामात सर्वांत खरखर करणारा ठरतो. तो कमी इम्पीडन्सच्या स्रोतासाठी आहे आणि तिथे उत्तमच आहे.

आयसी सॉकेटवर लावा. आधी एनई५५३२ वर सगळं चालवा, नंतर हौस म्हणून बदलून बघा.

पॉवर सप्लाय

अधिक १२, उणे १२ आणि मध्ये ग्राउंड असा सप्लाय लागतो. करंट किरकोळ आहे, दोन आयसी मिळून १६ मिलिअँपिअरच्या आसपास. माझा आग्रह असा की ट्रान्सफॉर्मर पेटीत ठेवूच नका. १५ व्होल्ट एसी आउटपुटचा ॲडॉप्टर घ्या. त्यात नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. मोबाइलच्या चार्जरसारखा स्विचिंग ॲडॉप्टर किंवा डीसी ॲडॉप्टर इथे चालणार नाही. यामुळे मेन्सचं व्होल्टेज तुमच्या पेटीत येतच नाही, आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र हातभर लांब राहतं. हमचा, म्हणजे मेन्समुळे येणाऱ्या घूं आवाजाचा, निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

ॲडॉप्टरची एक वायर ग्राउंड धरा. दुसरीवरून दोन १एन४००७ डायोड: एकाचा अ‍ॅनोड या वायरला, त्याच्या कॅथोडवर अधिक बाजू तयार होते. दुसऱ्याचा कॅथोड या वायरला, त्याच्या अ‍ॅनोडवर उणे बाजू. प्रत्येक बाजूला २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर. पुढे अधिक बाजूला ७८१२ आणि उणे बाजूला ७९१२. प्रत्येक रेग्युलेटरच्या इनपुट आणि आउटपुटला १० मायक्रोफॅरड व १०० नॅनोफॅरड. रेग्युलेटरनंतर प्रत्येक रेलमध्ये (अधिक आणि उणे १२ व्होल्टच्या वायरीत) १० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड टाकला तर रेग्युलेटरचा स्वतःचा नॉइजही बराच गाळला जातो.

दोन रेग्युलेटर दिसायला जुळे असले तरी पिना वेगळ्या आहेत. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ७८१२ वर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ वर ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१२ च्या पाठीचा धातूचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, तो पेटीला टेकू देऊ नका. उणे बाजूचे इलेक्ट्रोलायटिक उलटे बसतात हेही ध्यानात असू द्या: त्यांचं अधिक टोक ग्राउंडला.

बोर्ड बांधणं

छिद्रांची साधी झिरो पीसीबी पुरते. सप्लायचा बोर्ड वेगळा आणि ऑडिओचा वेगळा ठेवा. ऑडिओ बोर्डवर दोन्ही वाहिन्या आरशातल्यासारख्या समोरासमोर मांडा, तपासताना डावं-उजवं ताडून बघता येतं.

सोल्डर करायला बुटक्या भागांपासून सुरुवात करा: आधी जंपर वायर, मग रेझिस्टर, आयसी सॉकेट, फिल्म कॅपॅसिटर आणि शेवटी इलेक्ट्रोलायटिक. रेझिस्टर लावण्याआधी प्रत्येक मीटरवर बघा. ६.८के आणि ६८के यांच्या पट्ट्या चुकीच्या उजेडात सहज फसवतात, आणि नेमके तेच दोन शेजारी बसतात.

पिन २ आणि पिन ३ ला लागलेल्या वायरी जितक्या आखूड तितकं बरं. आर१ आणि सी१ बोर्डवर पिन ३ च्या शेजारीच लावा. १०० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक पिन ८ आणि पिन ४ वरून ग्राउंडला, पाय अगदी छोटे कापून.

आता ग्राउंड, आणि इथे थोडं थांबा. सर्वसाधारण अँप्लिफायरमध्ये निष्काळजी ग्राउंडिंग खपून जातं, इथे नाही. आरआयएएमुळे ५० हर्ट्झला या सर्किटचा गेन सातशेपट आहे. इनपुटच्या ग्राउंड वायरीत मेन्सचा एक मायक्रोव्होल्ट जरी शिरला तरी आउटपुटवर ०.७ मिलिव्होल्ट दिसतो. तेव्हा ग्राउंडची एकच लांब पट्टी करून सगळे भाग तिला लटकवू नका. प्रत्येक वाहिनीचे इनपुटचे ग्राउंड, म्हणजे आर१, सी१, सी२, सी४ आणि सी५, एका जागी गोळा करा आणि इनपुट सॉकेटचं ग्राउंडही तिथेच आणा. आउटपुट सॉकेटचं ग्राउंड, डीकपलिंगचं (आयसीजवळच्या १०० नॅनोफॅरडच्या सिरॅमिकांचं) ग्राउंड आणि दोन्ही वाहिन्यांच्या त्या जागा मिळून एका मध्यबिंदूवर जातात. सप्लायच्या बोर्डकडे या मध्यबिंदूवरून एकच वायर. २२०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरांना भरणारा झटक्याझटक्याचा करंट ऑडिओच्या कुठल्याही वायरीतून वाहता कामा नये, सगळा खटाटोप त्याचसाठी.

वीज द्यायची, पण आयसीशिवाय

आधी फक्त सप्लाय चालू करा आणि अधिक-उणे १२ व्होल्ट येतात का बघा. दहावा-विसावा हिस्सा व्होल्ट इकडेतिकडे चालेल. मग ऑडिओ बोर्ड जोडा, सॉकेट रिकामेच ठेवून पिन ८ वर अधिक १२ आणि पिन ४ वर उणे १२ मोजा. हे उलटं असेल तर आयसी लावताक्षणी जातो.

आयसी पहिल्यांदा लावताना दोन्ही रेलमध्ये तात्पुरते १०० ओहम टाका. त्यांच्यावर दीड-दोन व्होल्ट पडले तर सर्व ठीक. पाच-सहा पडले तर ताबडतोब बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. सर्व ठीक असेल तर पिन १ आणि पिन ७ वर डीसी मोजा. दोन्ही शून्याच्या आसपास, शंभर मिलिव्होल्टच्या आत हवेत. पिन १ टोकाला जाऊन दहा-अकरा व्होल्ट दाखवत असेल तर आर५ चं सोल्डर उखडलं आहे किंवा फीडबॅकची वायर कुठेतरी तुटली आहे. एखादा-दीड व्होल्ट असेल तर सी२ शॉर्ट झाला आहे का ते बघा.

सिग्नल देऊन मोजणं

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग कानांनी निदान करत बसतात. फोनवर साइन वेव्ह वाजवणारं एखादं ॲप पुरतं. हेडफोनच्या आउटपुटवर १ किलोहर्ट्झला ०.५ व्होल्ट येईल इतका आवाज ठेवा. मग १० किलोओहम आणि १०० ओहमचा विभाजक लावा आणि १०० ओहमवरचा सिग्नल प्रीअँपला द्या. तो होतो सुमारे ५ मिलिव्होल्ट. विभाजक इनपुट सॉकेटच्या जवळ ठेवा.

आउटपुटवर १ किलोहर्ट्झला ०.५ व्होल्ट, ५०० हर्ट्झला ०.६८, १०० हर्ट्झला २.२५ आणि ५० हर्ट्झला ३.५ व्होल्ट यायला हवेत. वरच्या बाजूला २ किलोहर्ट्झला ०.३७ आणि १० किलोहर्ट्झला ०.१ व्होल्ट. फक्त एक भान ठेवा: स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज एखाद्या किलोहर्ट्झच्या पुढे भरवशाची राहत नाही, त्यामुळे वरच्या आकड्यांसाठी ऑसिलोस्कोप किंवा संगणकाचं साउंड कार्ड वापरा. साउंड कार्डवर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स काढणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. आलेखाची पुढच्या आकड्यांशी तुलना करा: २० हर्ट्झला अधिक १९.३ डेसिबल, १०० ला अधिक १३.१, ५०० ला अधिक २.६, १ किलोहर्ट्झला शून्य, ५ किलोहर्ट्झला उणे ८.२, १० ला उणे १३.७, २० ला उणे १९.६.

अर्ध्या डेसिबलच्या आत आलात तर उत्तम. चुकलंच तर चूक कुठे आहे हेही आकडेच सांगतात. फक्त वरची बाजू उंच असेल तर आर६ किंवा सी४. खालची बाजू चुकली तर आर५ किंवा सी३. आणि आकार बरोबर पण सगळंच कमी-जास्त असेल तर आर७, आर८.

पेटी आणि बाकीची जोडणी

धातूची पेटी हवी. आरसीए सॉकेट पेटीपासून इन्सुलेट केलेले घ्या, म्हणजे ग्राउंड कुठे पेटीला भेटेल हे तुम्ही ठरवता. मध्यबिंदूवरून पेटीला एकच जोडणी, इनपुट सॉकेटच्या जवळ. टर्नटेबलच्या ग्राउंड वायरीसाठी पेटीवर एक पेचाचं टर्मिनल ठेवा, तेही त्याच जागी.

ॲल्युमिनियमची पेटी रेडिओ आणि विद्युत क्षेत्राची ढवळाढवळ थांबवते, पण ५०-६० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं. लोखंडी पत्रा त्याला थोडाफार अडवतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर: प्रीअँप पॉवर अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका.

कार्ट्रिजशी जुळवणं: सी१ चा खेळ

कार्ट्रिजची गुंडाळी आणि तिच्यासमोरची एकूण कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई चं उदाहरण घ्या. इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री, शिफारस १०० ते २०० पिकोफॅरड. एकूण १५० पिकोफॅरड असेल तर रेझोनन्स साडेसतरा किलोहर्ट्झला. ४०० झाली तर तो पावणेअकरा किलोहर्ट्झवर उतरतो, आणि तिथे उठाव येऊन पुढे सूर झपाट्याने खाली पडतात. ऑर्टोफॉनच्या २एम रेडला मात्र १५० ते ३०० पिकोफॅरड चालतात.

या एकूण कपॅसिटन्समध्ये टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीची) आणि बाहेरची वायरही मोजायची असते. ती दोन्ही मिळून अनेकदा शंभर-दीडशे पिकोफॅरड होते. त्यामुळे व्हीएम९५ई सारख्या कार्ट्रिजसाठी सी१ काढून टाकणं किंवा ४७ पिकोफॅरडवर आणणं योग्य ठरू शकतं. सी१ च्या जागी दोन पिनांचा छोटा सॉकेट लावला तर प्रयोग सोपे होतात. लांब वायर स्वतः बनवणार असाल तर कमी कपॅसिटन्सची निवडा. इथे पैसे खर्च केलेले दिसतात. 'ऑक्सिजन-फ्री' तांब्याच्या वायरीवर केलेले दिसत नाहीत.

एक ताकीद: कार्ट्रिजची तार शाबूत आहे का बघायला मल्टिमीटरचा ओहम रेंज लावू नका. मीटरचा करंट त्या बारीक तारेसाठी जास्त असू शकतो.

पहिल्यांदा ऐकताना

प्रीअँपचं आउटपुट अँप्लिफायरच्या ऑक्स किंवा लाइन इनपुटला. फोनो लिहिलेल्या इनपुटला नाही, नाहीतर आरआयएए दोनदा होऊन आवाज चिखलात बुडाल्यासारखा येईल. व्हॉल्यूम तळाशी ठेवून सुरू करा, सुई उचललेलीच असू द्या.

हम ऐकू आला तर अंदाज बांधण्याआधी इनपुटला शॉर्ट केलेले आरसीए प्लग लावा. हम तसाच राहिला तर तो पेटीतून किंवा सप्लायमधून येतो. थांबला तर तो टर्नटेबल किंवा वायरीतून. आवाजाचा पोतही ऐका. गोल, खोल घूं म्हणजे चुंबकीय क्षेत्र किंवा सुटलेलं ग्राउंड, तर टोकदार करकर म्हणजे रेक्टिफायरचा करंट ऑडिओ ग्राउंडमध्ये घुसला आहे. पहिल्यासाठी पेटी हलवून आणि फिरवून बघा. दुसऱ्यासाठी मध्यबिंदूची वायरिंग पुन्हा तपासा. एकाच वाहिनीत हम असेल तर हेडशेलकडे, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोनआर्मच्या टोकाकडे, जा. तिथल्या चार तारांचे रंग ठरलेले असतात: डावीकडची पांढरी आणि तिची परतीची निळी, उजवीकडची लाल आणि तिची परतीची हिरवी. यातली एखादी सैल असते.

रेडिओचं स्टेशन ऐकू आलं तर इनपुट सॉकेट आणि पिन ३ यांच्यामध्ये फेराइट मणी टाका, बहुधा तेवढ्यानं भागतं.

आवाज छान आहे, पण रेकॉर्ड वाकडी असली की स्पीकरचा पडदा डोळ्यांना दिसेल असा आतबाहेर होतो, हेही घडेल. हे सर्किट तीनेक हर्ट्झपर्यंत खाली ऐकतं आणि टोनआर्मचा स्वतःचा रेझोनन्स साधारण ८ ते १२ हर्ट्झला असतो. सी२ च्या जागी ४७ मायक्रोफॅरड लावला की घसरण साडेबारा हर्ट्झपासून सुरू होते. २० हर्ट्झला सव्वा-दीड डेसिबल जातात, पण वूफरची फुकटची कसरत कमी होते. मोठे वूफर आणि सपाट रेकॉर्ड असतील तर २२० च ठेवा. छोटे बुकशेल्फ स्पीकर असतील तर ४७ लावून मोकळे व्हा.

मूव्हिंग कॉइल, म्हणजे आत गुंडाळी हलणाऱ्या, कार्ट्रिजसाठी हा आराखडा पुरणार नाही. त्यांचं आउटपुट ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट असतं आणि भार शंभर ओहमच्या आसपास लागतो. त्यांच्यासाठी याच पेटीच्या आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा दहापट गेनचा कमी नॉइजचा हेड-अँप लावतात. त्या जागी एडी७९७ सारखा आयसी खरोखर शोभतो. दोन मिलिव्होल्टच्या आसपास देणारी हाय-आउटपुट मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज मात्र आहे या प्रीअँपवर थेट चालतात. त्यांच्यासाठी आर८ ३.९ वरून १.५ किलोओहमवर आणा, गेन दुपटीच्या थोडा वर जातो आणि आरआयएएला धक्का लागत नाही.